लाल मुंडाशाचा माणूस: जुन्या तैलचित्राची पहिली प्रत अशी करा

बेळगावाकडे चिक्कोडीच्या किंवा खानापूरच्या बाजारात अजूनही एखादे आजोबा लाल पटका बांधून आलेले दिसतात. त्या पटक्याचा लाल रंग एका जागी एकसारखा नसतो. उन्हाकडच्या घडीवर तो शेंदरी होतो, पिळाच्या खोबणीत डाळिंबाच्या दाण्यासारखा गडद होतो आणि कानामागे तर जवळपास काळाच वाटतो. हा लाल ट्यूबमधून काढून थेट लावता येत नाही. तो थरांवर थर चढवून उभा करावा लागतो. हे ज्यांनी सगळ्यात आधी आणि सगळ्यात नीट करून दाखवलं, त्यांच्यातला एक म्हणजे पंधराव्या शतकातला युरोपी चित्रकार यान व्हॅन आईक. म्हणून तैलरंग नव्यानं शिकणाऱ्या प्रत्येकाला मी त्याच्याच एका चित्राची प्रत करायला सांगतो.

लाल मुंडासं बांधलेल्या माणसाचं हे व्यक्तिचित्र १४३३ सालचं आहे. ते ओकच्या फळीवर तैलरंगात केलेलं असून आज लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. आकार सुमारे २६ × १९ सेंटीमीटर, म्हणजे आपल्या ए-फोर कागदापेक्षाही लहान. मूळ चौकट शाबूत आहे. तिच्या खालच्या पट्टीवर चित्रकाराचं नाव आणि २१ ऑक्टोबर १४३३ ही तारीख आहे, वरच्या पट्टीवर 'अल्स इख कान' हे शब्द आहेत. अर्थ साधा आहे: जसं मला जमतं तसं. हा माणूस म्हणजे खुद्द व्हॅन आईकच असावा असं बरेच अभ्यासक मानतात.

नवख्यासाठी हेच चित्र का? यात एकच डोकं आहे. हात नाहीत, दागिने नाहीत, मागे देखावा नाही. अंधारी पार्श्वभूमी, गळ्याशी केसाळ कॉलर, एक चेहरा आणि ते लाल कापड. कातडी, कापड आणि अंधार या तीनच गोष्टी शिकायच्या.

बेळगावला व्यक्तिचित्राची परंपरा जुनी आहे. चित्रकार रवी परांजपे इथलेच आणि ते शिकले के. बी. कुलकर्णींकडे. समोर माणूस बसवून चित्र काढण्याची ती शिस्त महत्त्वाचीच आहे. पण समोर बसलेला माणूस तासाभरात उठून जातो. व्हॅन आईकचा माणूस तीन महिने तुमच्यासाठी हलणार नाही.

आधी हंगाम बघा

आपल्याकडे हे काम पावसाळ्यात सुरू करू नका. तैलरंग पाण्यासारखा उडून वाळत नाही. त्यातलं जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेतं आणि हळूहळू घट्ट होतं. दमट, गार हवेत हे फार रेंगाळतं. जून ते सप्टेंबर बेळगावात भिंतींना ओल येते, चपलांना बुरशी धरते, तिथे चित्राचं काय! मी माझी पहिली प्रत श्रावणात केली होती. प्लायची फक्त पुढची बाजू तयार केली होती, मागची कोरी. महिन्याभरात फळी केळीच्या पानासारखी वाकली आणि रंग बोटाला चिकटतच राहिला. दिवाळीनंतर सुरू करा, होळीपर्यंत काम होतं.

प्रकाश उत्तरेच्या खिडकीचा घ्या, तो दिवसभर फारसा बदलत नाही. कौलारू घर असेल तर काचेच्या कौलाखालची जागा मोहात पाडते, पण तिथला उन्हाचा कवडसा सरकत राहतो आणि ओल्या रंगावर चमक मारतो. त्या कौलावर आतून बटर पेपर चिकटवलात तर मात्र मऊ, सुंदर प्रकाश मिळतो.

सामान

रंग आठच घ्या: टायटॅनियम व्हाइट, यलो ऑकर, बर्न्ट सिएना, बर्न्ट अंबर, आयव्हरी ब्लॅक, कॅडमियम रेड, अलिझरिन क्रिमसन आणि अल्ट्रामरीन. व्हॅन आईकच्या काळात पांढरा शिशापासून करत, भडक लाल हिंगुळापासून म्हणजे पाऱ्यापासून, आणि निळा अफगाणिस्तानातल्या बदख्शानहून आलेल्या लाजवर्दापासून. शिसं आणि पारा दोन्ही विषारी आहेत. घरात लहान मुलं असतील तर जुन्या पद्धतीच्या हौसेपायी त्यांच्या वाटेला जाऊ नका. मारुतीचा शेंदूरही शिशाचाच असतो, तो रंग म्हणून घोटायचा विचार कुणी करत असेल तर आत्ताच सोडा.

ब्रश: डुकराच्या केसांचे चपटे दोन, मऊ गोल ०, २ आणि ४ नंबरचे, आणि रंग नुसता पुसट करायला एक रुंद मऊ ब्रश. हा शेवटचा कायम कोरडा ठेवायचा.

तेल चित्रकारांचंच घ्या. भाकरीबरोबर आपण जी जवसाची चटणी खातो, त्याच जवसाचं हे तेल, पण खाद्यतेलाच्या दुकानातलं तेल चित्राला चालत नाही. हार्डवेअरच्या दुकानात दारं-खिडक्यांसाठी मिळणारं उकळलेलं तेलही नको, ते फार पिवळं पडतं. चित्रकलेच्या साहित्याच्या दुकानात शुद्ध केलेलं जवस तेल आणि दाट केलेलं 'स्टँड ऑइल' अशा दोन बाटल्या मागा. सोबत टर्पेंटाइन. काम करताना खिडकी उघडी हवीच.

एक गोष्ट जिवाची आहे. जवसाच्या तेलाचे बोळे चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. तेल वाळताना उष्णता बाहेर पडते आणि असे बोळे आपोआप पेटतात. वापरलेली चिंधी दोरीवर पसरून वाळवा किंवा पाणी भरलेल्या पत्र्याच्या डब्यात टाका.

फळी आणि अस्तर

घाईत असाल तर दुकानातला तयार अॅक्रिलिक जेसो, म्हणजे रंगाखालचं पांढरं अस्तर, चार हात मारून पुढे चला. पण जमत असेल तर अस्तर घरी करा. चित्राचा उजेड तिथूनच येतो.

प्लायच्या दुकानात उरलेले तुकडे स्वस्तात मिळतात. १२ मिलिमीटरचा तुकडा घ्या आणि सुताराकडून ३९ × २८.५ सेंटीमीटर कापून घ्या. ही मूळ चित्राची दीडपट आहे. मूळ आकारात डोळा इतका बारीक होतो की नवख्याचा हात तिथे अडकून बसतो. शिवाय प्रत मूळ आकाराची नसावी हा जुना संकेत आहे. आपली प्रत मूळ चित्र म्हणून कुणाच्या गळ्यात मारली जाऊ नये, एवढाच त्याचा हेतू.

सुतारकामाचा सरस ४० ग्रॅम घेऊन अर्धा लिटर पाण्यात रात्रभर भिजत घाला. सकाळी तो फुगून मऊ झालेला असतो. मोठ्या पातेल्यात पाणी तापवून त्यात सरसाचं भांडं ठेवा आणि तो विरघळू द्या. उकळी फुटू देऊ नका, उकळला की त्याची पकड जाते. हा कोमट सरस फळीच्या दोन्ही बाजूंना आणि चारही कडांना लावा आणि दिवसभर वाळू द्या. उरलेला फ्रीजमध्ये ठेवा.

दुसऱ्या दिवशी सरस पुन्हा कोमट करून त्यात खडूची पूड घाला. गणपतीच्या मूर्तींना रंगाआधी पांढरा हात देतात तीच ही पूड. ती मलमलीच्या कापडातून चाळून घ्या. सरसाच्या पृष्ठभागावर भुरभुरवा, आपोआप बुडू द्या, मगच हलक्या हातानं ढवळा. जोरात ढवळलंत की बुडबुडे होतात आणि वाळल्यावर त्यांची सुईच्या टोकाएवढी भोकं दिसतात. घट्टपणा कढीइतका हवा. एक हात आडवा, पुढचा उभा, असे सहा हात. बोट लावून गार लागेनासं झालं की पुढचा हात. मागच्या बाजूलाही दोन द्या, म्हणजे फळी दोन्हीकडून सारखी ओढली जाईल. एक रात्र जाऊ द्या, मग आधी २२० आणि नंतर ४०० नंबरच्या पॉलिश पेपरनं घासा. तोंडाला रुमाल बांधून आणि घराबाहेर.

नीट घासलेल्या फळीवरून तळहात फिरवून बघा. अंड्याच्या टरफलासारखं लागलं पाहिजे. शेवटी आणखी पातळ केलेल्या सरसाचा एक हात, नाहीतर ही फळी रंगातलं सगळं तेल पिऊन टाकते.

रेखाटन उतरवणं

नॅशनल गॅलरीच्या संकेतस्थळावर हे चित्र खूप मोठं करून बघता येतं. चित्राची दीडपट प्रिंट ए-थ्री कागदावर काढून घ्या. प्रिंटचा उपयोग फक्त रेषांसाठी करा. झेरॉक्सच्या दुकानातल्या प्रिंटमध्ये लाल हटकून बदलतो, म्हणून रंग पडद्यावरच बघायचे.

बाह्यरेषा, घड्यांच्या कडा, पापण्या, नाकपुडी, ओठांची मधली रेघ यांच्यावरून टाचणीनं दोन-दोन मिलिमीटरवर भोकं पाडा. कागद फळीवर चिकटवा आणि कोळशाच्या पुडीची मलमलीची पुरचुंडी करून वरून हलकेच आपटा. साडीवर भरतकामाचा छाप उठवतात तसंच हे. पंधराव्या-सोळाव्या शतकात इटलीतले चित्रकार आपली रेखाटनं भिंतीवर आणि फळीवर अशीच उतरवत. कागद काढला की ठिपक्यांचा माणूस दिसतो. ठिपके बारीक ब्रशनं, पातळ केलेल्या वॉटरप्रूफ काळ्या शाईनं जोडा.

इथे एक दिवस जास्त द्या. नाकाचं टोक आणि डोळ्याचा कोपरा यांतलं अंतर दोन मिलिमीटरनं चुकलं तर तो दुसराच माणूस होतो, आणि पुढे कितीही सुंदर रंग लावलेत तरी तो दुसराच राहतो.

शाई वाळल्यावर यलो ऑकरमध्ये किंचित बर्न्ट सिएना घाला, टर्पेंटाइननं चहासारखं पातळ करा, फळीवर फासा आणि लगेच चिंधीनं पुसा. फिकट मधाळ रंग राहील आणि खालचं रेखाटन स्पष्ट दिसेल.

तपकिरी थर

आता फक्त बर्न्ट अंबर आणि टर्पेंटाइन. तेल नाही. या थरात सावल्या बसवायच्या. अंबरमध्ये मँगेनीज असतं, त्यामुळे तो एक-दोन दिवसांत वाळतो. जुन्या चित्रकारांना तो खालच्या थरासाठी आवडायचा, त्याचं एक कारण हेच.

डोळे अर्धवट मिटून मूळ चित्राकडे बघा. बारकावे जातात आणि उजेड, मधलं, अंधार असे तीनच तुकडे उरतात. प्रकाश आपल्या डावीकडून येतो आणि उजवीकडे गाल व जबडा सावलीत उतरत जातात. हे तीन तुकडे बरोबर जागी बसले की सात-आठ फुटांवरून चेहरा ओळखू येतो. ओळखू येत नसेल तर पुढे जाऊ नका, चिंधीनं पुसा आणि पुन्हा बसवा. पुसणं सोपं असतं ते याच टप्प्यावर.

इथून पुढे एक नियम सांभाळा: खालचा थर कोरडा आणि कमी तेलाचा, वरचा त्याहून तेलकट. भिंतीचं उदाहरण घ्या. पुट्टी ओली असताना वर ऑइल पेंट मारला की दोन पावसाळ्यांत पोपडे धरतात. चित्रातही खालचा तेलकट थर वाळत राहून हलत राहिला तर वरचा आधी कडक झालेला थर तडकतो.

अंधार आणि कातडी

पार्श्वभूमी आधी करा. नुसता काळा लावू नका, तो खड्ड्यासारखा दिसतो. अंबर, अल्ट्रामरीन आणि थोडा काळा मिसळा, पातळ लावा. गालाची कड ओली असतानाच कोरड्या मऊ ब्रशनं किंचित विरघळवा. कपडे आणि कॉलरही याच बैठकीत उरकून घ्या.

कातडीसाठी पांढरा, ऑकर आणि कॅडमियम रेडचा अगदी थोडा अंश. उजेडाच्या जागी म्हणजे कपाळ, नाकाचा दांडा आणि गालाचं हाड इथे रंग जाडसर आणि झाकणारा. सावलीकडे सरकताना तोच रंग इतका पातळ करत न्या की खालचा तपकिरी थर त्यातून दिसू लागेल. सावलीत पांढरा शक्यतो टाळा.

या दोन्हींच्या मध्ये एक गंमत आपोआप घडते. गडद तपकिरीवर पातळ फिकट रंग पसरला की तिथे निळसर राखाडी झाक दिसू लागते, निळा रंग न लावता. चोर्ला घाटात पलीकडच्या डोंगररांगा निळ्या दिसतात, त्याचं कारण हेच. गडद डोंगरापुढे हवेचा फिकट पडदा असतो आणि त्यात निळा प्रकाश जास्त विखुरतो. व्हॅन आईकच्या माणसाच्या हनुवटीवरचे दाढीचे खुंट खरे वाटावेत म्हणून ही झाक उपयोगी पडते. ती दिसली की हात थांबवा. घोटत बसलात की सगळं मिसळून चिखल होतो. मग चार-पाच दिवस, लागले तर आठवडा, चित्राला हात लावू नका.

मुंडासं

आता ज्या गोष्टीसाठी हे चित्र निवडलं तिच्याकडे या. खरं तर हे आपल्यासारखं मुंडासं नाही, युरोपात त्या काळी घालत त्या टोपडीचं लांब कापड डोक्यावर गुंडाळून बांधलेलं आहे. तरी घड्या कळायच्या असतील तर खरं कापड हातात घ्या. मला या घड्या दोन आठवडे जमत नव्हत्या. मी त्या आडव्या पट्ट्यांसारख्या काढत होतो. शेवटी गावाकडच्या शेजारच्या आजोबांना पटका बांधून दाखवा म्हटलं. त्यांनी कापडाचं एक टोक माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "नुसता गुंडाळू नको रे बाळा. आधी पीळ भर, मग फिरव. पिळाशिवाय बसतोय व्हय त्यो?" त्या एका वाक्यात सगळं सुटलं. घडी पिळातून निघते, वर येते, दुसऱ्या पिळाखाली जाते. प्रत्येक घडीला सुरुवात असते आणि लपायची जागा असते. सुती पटका किंवा लाल ओढणी पिळून पाटीवर ठेवा, डावीकडून दिवा लावा आणि पेन्सिलनं दोन-तीन अभ्यासचित्रं करा. मगच फळीकडे या.

पहिला लाल थर झाकणारा असतो. कॅडमियम रेड, उजेडात त्यात पांढरा आणि ऑकर, सावलीत अंबर. संपूर्ण मुंडासं या थरातच घडवा, पण शेवटी हवं त्यापेक्षा फिकट ठेवा. बघताना ते विटकरी आणि कोरडं वाटेल. नवख्याचा धीर इथेच सुटतो आणि तो गडद लाल थापायला जातो. तसं करू नका. आठ-दहा दिवस वाळू द्या, नख हलकेच टेकवून खूण उमटत नाही ना ते बघा.

मग झिलईचे थर. स्टँड ऑइल एक भाग आणि टर्पेंटाइन एक भाग मिसळून त्यात अलिझरिन क्रिमसन घाला. हा रंग पारदर्शक आहे. व्हॅन आईकच्या काळी असा लाल लाखेपासून, किरमिजी किड्यांपासून किंवा आपल्या मंजिष्ठेच्या युरोपी बहिणीच्या मुळांपासून काढत. मुंडाशावर पातळ लावा, मऊ ब्रशनं सारखा करा, आणि उजेडाच्या घड्यांवरून स्वच्छ चिंधीच्या टोकानं टिपून घ्या. सावलीच्या खोबणीत राहू द्या.

यात काय घडतं ते कोकमाच्या आगळानं समजतं. पेल्यात आगळ घ्या आणि पेला तिरका करा. कडेला जिथे तो पातळ आहे तिथे गुलाबी दिसतो, मध्ये खोल आहे तिथे काळपट लाल. द्रव एकच, फक्त खोली वेगळी. झिलईतही प्रकाश लाल थरातून आत जातो, खालच्या फिकट थरावर आपटतो आणि त्याच लालातून परत येतो. म्हणून तो लाल आतून पेटल्यासारखा दिसतो. खालचा थर गडद केला असता तर प्रकाश परत आलाच नसता.

असे तीन हात, प्रत्येकानंतर आठवडाभर विश्रांती. अलिझरिन सावकाश वाळतो. आधी फळीच्या एखाद्या तुकड्यावर एक, दोन आणि तीन झिलयांच्या पट्ट्या करून जवळ ठेवा, म्हणजे कुठे थांबायचं ते कळतं. धूळ बसू नये म्हणून ओल्या चित्रावर खोक्याचं झाकण अलगद, न टेकता ठेवा. आपल्याकडच्या तांबड्या मातीची धूळ झिलईत बसली की निघत नाही.

डोळे

डोळे शेवटी. बुबुळाभोवतीचा पांढरा भाग पांढरा नसतो. व्हॅन आईकनं त्या पांढऱ्यात लाल आणि निळ्याचा किंचितसा अंश मिसळला आहे, आणि त्यावरचा लालसर पातळ थर ओला असतानाच हिंगुळाच्या लालानं बारीक शिरा काढल्या आहेत. तुम्ही शून्य नंबरच्या ब्रशनं, श्वास रोखून, फिकट राखाडीपासून सुरुवात करा. शुद्ध पांढरा फक्त चमकेच्या ठिपक्यांसाठी राखून ठेवा. ते ठिपके म्हणजे खिडकीचं प्रतिबिंब, म्हणून ते प्रकाशाच्या दिशेशी जुळले पाहिजेत. पापण्यांचे केस मोजत बसू नका. खालच्या पापणीची ओलसर कड मात्र सोडू नका, नजर तिच्यामुळेच जिवंत होते.

ठिपके ठेवलेत की ब्रश धुवायला घ्या.

चित्र झाल्यावर

पुढे सही करू नका. मागच्या बाजूला मूळ चित्रकाराचं नाव, मूळ चित्राचं साल, 'प्रत' हा शब्द, तुमचं नाव आणि तारीख लिहा.

व्हार्निशची घाई करू नका, किमान सहा महिने जाऊ द्या. होळीला संपलेल्या चित्राला पुढच्या दिवाळीनंतर व्हार्निश लावायचं. मधला पावसाळा ते भिंतीपासून दोन बोटं सुटं राहील असं टांगा. ट्रंकेत किंवा कपाटात गुंडाळून ठेवू नका, अंधारात जवसाचं तेल पिवळं पडतं. आणि पडलंच तर उजेडाच्या खोलीत, थेट उन्हात नाही, काही आठवडे ठेवा, पिवळेपणा बराचसा उतरतो.

उरलेला अलिझरिन काचेच्या तुकड्यावर काढून पाण्याखाली बुडवून ठेवलात तर काही दिवस ओला राहतो. तेवढ्यात त्या पटक्याच्या अभ्यासचित्रांपैकी एखादं छोट्या फळीवर उतरवून त्याच तीन झिलया देऊन बघा.